चाकरमान्यांचा राणीचा बाग

गावाहून पाहुणा आला की त्याला मुंबई कोणत्या क्रमाने दाखवायची, हे गिरणगावात ठरलेलं असायचं. पहिला मान राणीच्या बागेचा. मग वेळ आणि खिसा पाहून हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, गेटवे. पाहुणा भाविक असेल तर महालक्ष्मी. बाकीच्या ठिकाणांना ट्राम नाहीतर बस लागायची, राणीच्या बागेला पाय पुरायचे. लालबागहून निघालं की चिंचपोकळीचा पूल उजवीकडे टाकून सरळ चालत राहायचं, पोरं दमायच्या आत फाटक यायचं. पाहुण्याला वाघ दाखवला की यजमानाचं कर्तव्य निम्मं संपलं! कोकणातल्या ज्या माणसाने स्वतःच्या रानात बिबट्याची डरकाळी ऐकलेली असायची, तोसुद्धा इथला पिंजऱ्यातला पेंगुळलेला वाघ पाहून गावी जाऊन महिनाभर सांगत बसायचा.

‘राणीचा बाग’ हे मी मुद्दाम लिहितो आहे. शाळेतल्या मास्तरांच्या व्याकरणात ‘बाग’ स्त्रीलिंगी. पण जुन्या मुंबईच्या तोंडी तो ‘राणीचा बाग’च होता. राणी कोण, याच्याशी चाळीला फारसं देणंघेणं नव्हतं. १९६९ साली महापालिकेने व्हिक्टोरिया राणीचं नाव काढून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव दिलं. नाव मानाचं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण कंडक्टर ‘जिजामाता उद्यान’ म्हणून ओरडला तरी उतरणारा आजही ‘राणीबाग आली’ असंच म्हणत उठतो. माझा आपला समज असा, की लोकांनी तोवर राणीलाच आपल्यात ओढून घेतलं होतं. ती विलायतेची राहिलीच नव्हती.

हा बाग चाकरमान्यांसाठी मात्र कुणी काढला नव्हता. पश्चिम हिंदुस्थानातली शेती आणि फळबागा सुधाराव्यात म्हणून १८३० च्या सुमारास मुंबईत ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी’ निघाली होती. तिची पहिली बाग शिवडीला. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. मग माझगाव-भायखळ्याच्या बाजूला नवी जागा मिळाली, आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’चं उद्घाटन झालं. त्या वेळचं भायखळा म्हणजे बंगल्यांचं, घोड्यांचं, साहेबांच्या क्लबाचं गाव. महालक्ष्मीच्या आधीचं रेसकोर्सही इथलंच. बहाव्यांचं खळं म्हणून भायखळा, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो नसो, वैशाखात पिवळ्या झुंबरांनी लगडलेला बहावा पाहिला की पटते.

बाग उभा करणाऱ्या, त्याला पैसा आणि आपलं वजन देणाऱ्या मंडळींकडे पाहिलं की एक गंमत दिसते. ज्यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा आजही फाटकाजवळ उभा आहे ते डेव्हिड ससून बगदादचे यहुदी. तिथल्या सुभेदाराच्या छळाला कंटाळून देश सोडला आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. त्यांचा ‘साँ सुसी’ वाडा बागेच्या अगदी जवळ. आज तिथे मसिना हॉस्पिटल आहे. बागेतल्या संग्रहालयासाठी झटणारे डॉक्टर भाऊ दाजी लाड गोव्यातल्या मांद्र्याचे. नाना शंकरशेट यांचं घराणं मुरबाडचं. संग्रहालयाचा व्याप सांभाळणारे डॉक्टर जॉर्ज बर्डवूड इंग्रज खरे, पण जन्मले बेळगावात. म्हणजे बागेच्या पायाशी उभा असलेला जवळपास प्रत्येक जण दुसऱ्या कुठून तरी मुंबईत आलेला. पैसा मात्र इथलाच, कापसाचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली आणि इथे सोन्याचा धूर निघाला. १८६५ ला युद्ध संपलं तसा तो धूरही विरला. बँका बुडाल्या, शेठ बुडाले. संग्रहालयाच्या इमारतीचं काम रखडलं ते रखडलंच. २ मे १८७२ ला ते एकदाचं उघडलं. १८७३ मध्ये सोसायटीनेही मान टाकली आणि बाग महापालिकेच्या गळ्यात पडला. एका अर्थाने बरंच झालं. सोसायटीच्या हाती राहता तर तो सभासदांचा राहिला असता.

तोवर बाहेरचं जग बदलत चाललं होतं. कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत ताडदेवपासून परळपर्यंत धुरांड्यांचं रान उठलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास पोहोचली. धूर आला तसे साहेब आणि शेठ मलबार हिलकडे सरकले. त्यांच्या बंगल्यांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून, पुढे उत्तरेकडून माणसं येत राहिली. कोकणी माणूस बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरायचा, डोक्यावर वळकटी, हातात फणसाचं नाहीतर तांदळाचं गाठोडं, आणि माझगाव-भायखळ्यावरून गावकऱ्याच्या खोलीचा पत्ता विचारत लालबाग-परळकडे चालू लागायचा. १९२१ च्या खानेसुमारीत शंभरातले ऐंशीहून अधिक मुंबईकर मुंबईबाहेर जन्मलेले होते. मूळ मुंबईकर कोण, यावर हल्ली फार हमरीतुमरी होते म्हणून हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या माणसांची राहणी कशी होती, हे आजच्या मुलांना सांगूनही खरं वाटत नाही. दहा बाय दहाची, फार तर दहा बाय बाराची खोली. गाळेकऱ्यांच्या खोलीत दहा-पंधरा जण, तेही पाळीने झोपणारे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. पेट्या भिंतीला लावलेल्या, कपडे दोरीवर, जेवण खानावळवाल्या बाईकडे. बिऱ्हाडकरूंची खोली तेवढीच. तिच्यात आईबाप, पोरं, एखादा दीर, गावाहून नोकरी शोधायला आलेला मेहुणा. उजेडाला एक खिडकी, तीही बहुतेक वेळा शेजारच्या चाळीच्या भिंतीकडे उघडणारी. उन्हाळ्यात माणसं गॅलरीत, जिन्यात, फुटपाथवर झोपायची. अशा माणसाला रविवारी दुपारी पन्नासेक एकरांची सावली मिळत असेल तर तो तिला काय म्हणेल? आमच्या चाळीत ‘बागेत जाऊ’ म्हटलं की कुठली बाग, हा प्रश्न कुणी विचारत नसे.

बागेचा आणखी एक उपयोग होता, तो इतिहासाच्या पुस्तकात सापडायचा नाही. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला चाळीत एकमेकांशी चार शब्द बोलायला जागा नसे. खोलीत सासू, गॅलरीत शेजारीण, मोरीशी नंबर. मग रविवारी जेवणं आटोपली की सासूच म्हणायची, ‘जा रे, हिला राणीचा बाग दाखवून आण.’ लग्नानंतर आठ वर्षांनीसुद्धा बाग दाखवायचा शिल्लक असायचा! आमच्या शेजारच्या काकूंनी म्हातारपणी एकदा हसत हसत सांगितलं होतं, की नवऱ्याचा आवाज खरा कसा आहे हे त्यांना पहिल्यांदा हरणांच्या कुंपणापाशी कळलं. एरवी तो कुजबुजतच बोलायचा.

पोरांना अर्थात प्राण्यांशीच काम. प्राणी मूळ आराखड्यात नव्हते. १८९० साली बागेला पंधरा एकर जोडून प्राणिसंग्रहालयाची सोय केली गेली, आणि तेव्हापासून झाडांकडे पाहणारे मूठभर आणि माकडांकडे पाहणारे हजारो, अशी विभागणी कायमची झाली. वाघ, सिंह, पाणघोडा, हत्ती. पाणघोड्याने जबडा उघडला की सगळा जमाव एकदम ‘आ’ करायचा. त्या वेळी जबडा कुणाचा मोठा, हे सांगणं अवघड होतं. लोखंडी गजांचे ते अरुंद, ओलसर पिंजरे आठवले की आता मात्र पोटात कालवतं. दहा बाय दहात राहणारी माणसं दहा बाय दहात कोंडलेलं जनावर पाहायला रांगा लावत होती.

बाग म्हणजे विस्थापितांचं गोदामही झालेलं होतं, आणि ते मला फार आवडतं. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाचं ‘एलिफंटा’ नाव पाडलं. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. विलायत राहिली बाजूला, ते तुकडे राणीच्या बागेत येऊन पडले. पन्नास वर्षांनी, १९१४ साली, कॅडेल आणि ह्यूएट या दोघांनी ते जुळवून त्याला पुन्हा उभा केला. कान, सोंड, पाय नीट पाहिले तर सांधे दिसतात. परदेशी जायला निघून भायखळ्यालाच स्थायिक झालेला असा दुसरा मुंबईकर माझ्या पाहण्यात नाही.

त्याच्या मागच्या अंगाला साहेबी पुतळ्यांची वस्ती. १९६५ साली फोर्टातल्या चौकाचौकांतून उतरवलेले लाट आणि गव्हर्नर इथे आणून ठेवले. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा हात. त्यांत स्वतः व्हिक्टोरिया राणीही आली. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला तिचा संगमरवरी पुतळा फोर्टात दिमाखाने बसलेला असे. १८९६ साली चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासलं होतं. म्हणजे राणीच्या बागेत राणी राहायला आली ती शंभर वर्षांनी, आणि तीही फोर्टातून बिऱ्हाड हलवावं लागलं म्हणून. चार वर्षांत बागेवरचं तिचं नावही गेलं. काळा घोडाही इथेच आहे. ज्या चौकाला त्याने नाव दिलं तिथून १९६५ मध्येच हा घोडा, पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट, बागेत आला. तो पुतळा मुंबईला दिला होता डेव्हिड ससून यांचे चिरंजीव अल्बर्ट यांनी. तेव्हा घोडा आला तो धन्याच्या वडिलांच्या घड्याळाजवळ, असं म्हणायला हरकत नाही. फोर्टातल्या चौकात २०१७ साली नवा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर कुणीच नाही. खरा काळा घोडा पाहायचा तर अजून भायखळ्यालाच यावं लागतं.

झाडांबद्दल लिहायचं तर हातात माहितगार हवा. मला ती ओळख फार उशिरा झाली. तोवर माझ्या लेखी सगळी झाडं म्हणजे ‘सावली’ होती. बागेत तीन हजारांवर झाडं आहेत, आणि मुंबई शहरात एका ठिकाणी इतक्या जातींची, इतक्या वयाची झाडं दुसरीकडे पाहायला मिळणं कठीण. फुगलेल्या बुंध्याची गोरखचिंच आफ्रिकेची. तोफेच्या गोळ्यांसारखी फळं अंगावर मिरवणारा कैलासपती दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या फुलात आपल्याला महादेवाची पिंडी आणि वर नागाचा फणा दिसतो, म्हणून तो देवळांच्या आवारातही जाऊन बसला आणि आता कुणी त्याला परका म्हणणार नाही. पर्जन्यवृक्षही तिकडचाच. ज्याच्याशिवाय आपलं मे महिन्याचं चित्र पुरं होत नाही तो गुलमोहर मादागास्करचा. आणि उर्वशी! ब्रह्मदेशातून आलेलं हे झाड जगातल्या सर्वांत देखण्या फुलझाडांत गणलं जातं. लाल-गुलाबी फुलांचे लांबलचक घोस, पाकळ्यांवर पिवळा ठिपका. गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्ट यांच्या घरच्या बायकांचं नाव वनस्पतीशास्त्रात त्याला चिकटलेलं आहे, पण उर्वशी हे नाव शोभतं तसं ते शोभत नाही.

ही झाडं लावणाऱ्यांचा हेतू अभ्यासाचा होता: कुठलं परकं झाड मुंबईच्या मातीत, मुंबईच्या पावसात तगतं हे पाहण्याचा. बागेच्या आत झाडांवर हा प्रयोग चालला होता, त्याच वेळी बागेबाहेर दोन-तीन मैलांच्या पट्ट्यात माणसांवरही तोच चालला होता. माणसांची नोंद ठेवायला कुणी शास्त्रज्ञ नव्हता, एवढाच काय तो फरक. हां, संग्रहालयात मातीच्या बाहुल्या आहेत खऱ्या. मुंबई इलाख्यातल्या जातीजमाती आणि धंदे दाखवणाऱ्या, पगड्यांपासून पायताणांपर्यंत बिनचूक. पोरांना त्या आवडायच्या. आम्ही त्यांत आपल्या गावच्या माणसासारखं कोण दिसतं ते शोधायचो.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. त्या काळात बागेत रविवारची गर्दी आठवड्याच्या सगळ्या दिवशी दिसू लागली; पण ती गर्दी प्राणी पाहत नव्हती. धडधाकट माणसं सकाळी दहा वाजता बाकांवर बसून असायची. घरी बसलं की बायकोच्या डोळ्याला डोळा देता येत नाही म्हणून बाहेर पडलेली. कुणी भोंग्याच्या वेळेला सवयीने उठायचा, चार पावलं टाकायचा, पुन्हा बसायचा. पुढे बरेचसे गावी गेले, काही परत आले, काही वॉचमन झाले, काहींनी भाजीची गाडी टाकली. त्यांची मुलं मोठी होईस्तोवर धुरांड्यांच्या जागी काचेच्या इमारती येऊ लागल्या होत्या. भायखळ्याच्या खटाव मिलच्या जागेवर आता निवासी टॉवर आहेत. त्यांची जाहिरात करताना जवळ राणीबागेची हिरवाई आहे, हे सांगायला बिल्डर विसरत नाहीत.

इथे जमिनीचा हिशेब थोडा सविस्तर मांडायला हवा, कारण बागेची किंमत त्याशिवाय कळत नाही. गिरण्यांखालची जमीन साधारण सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर स्थूलमानाने तिचे तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. कागदावर हा नियम देखणा होता. तो तसाच अंमलात आला असता तर लालबाग-परळ-लोअर परळच्या पोटात राणीबागेएवढ्या आणखी दोन-चार बागा सहज मावल्या असत्या. वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ साली समितीही नेमली गेली, गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार व्हावा म्हणून. पण २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. आता वाटणी करायची ती सगळ्या जमिनीची नाही, तर गिरणीच्या आवारात बांधकामाशिवाय जी मोकळी जागा असेल तेवढीचीच. गिरणीचं आवार म्हणजे शेडशी शेड लागलेली. मोकळी जागा असणार किती? एका दुरुस्तीने तिसरा हिस्सा पार आक्रसून गेला. पर्यावरणवादी कोर्टात गेले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती कायम ठेवली.

गावोगावचे लोक ज्या जमिनीवर तीन-तीन पाळ्यांत राबले, तिच्यातून त्यांच्या नातवंडांना खेळायला जागा मिळायची ती अशी निसटली. याबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही आणि लिहायचंही नाही. नवे बाग झाले नाहीत, म्हणून जुना एकच बाग पूर्वीपेक्षा जास्त माणसांना पुरवावा लागतो आहे. तो जपण्याची जबाबदारी यामुळे दुप्पट व्हायला हवी होती. झालं निराळंच.

२००७ च्या सुमारास महापालिकेने बागेचा कायापालट करायचं ठरवलं. थायलंडच्या सल्लागार कंपनीकडून आराखडा, खर्च ४३३ कोटी रुपये, आणि स्वप्न आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाचं. वनस्पती उद्यान म्हणून जन्मलेल्या बागेत झाडांचं काय होणार, हा प्रश्न त्या चकचकीत चित्रांत कुठे दिसत नव्हता. तेव्हा पुढे आल्या त्या काही वृक्षप्रेमी बायका. त्यांतल्या कुणाकडे सत्ता नव्हती, पक्ष नव्हता. त्यांनी झाडं मोजली, नावं लिहिली, लोकांना बागेत फिरवून झाडं दाखवली, सह्या गोळा केल्या, माहिती अधिकारात कागद मिळवले, वारसा समितीपुढे बाजू मांडली. राणीबाग वाचवण्यासाठी त्यांनी संस्था काढली. आराखड्याला वारसा समितीचा आक्षेप आला, आणि शेवटी तो भव्य बेत गुंडाळून पुष्कळ लहान करावा लागला. चळवळीचा विजय म्हणतात तो असा असतो: काहीच घडलेलं दिसत नाही. गोरखचिंच कालच्या जागी आज उभी असते, एवढंच.

लहान झालेल्या बेतात पेंग्विन मात्र आले. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याला उतरले. ऑक्टोबरमध्ये त्यांतला एक दगावला आणि वर्तमानपत्रांत धुरळा उडाला. मार्च २०१७ मध्ये त्यांचं थंडगार काचघर लोकांसाठी उघडलं आणि भायखळ्यापासून जिजामाता उद्यानापर्यंत माणसांची रीघ लागली. बाहेर चैत्राचं ऊन, आत सोळा-अठरा अंशांचा गारवा. मी पाहून आलो. पोरं काचेला नाक लावून उभी होती आणि त्यांच्या आया, खरं सांगायचं तर, गारवा खात उभ्या होत्या. पेंग्विनांना पुढे पिल्लंही झाली. परदेशी पाखरू इथे कशाला, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो; पण त्या काचेपुढे उभं राहून पोराला तो ऐकवण्याचं धाडस माझ्यात नाही.

माझी तक्रार तिकिटाची आहे. १ ऑगस्ट २०१७ पर्यंत मोठ्या माणसाला पाच रुपये आणि मुलाला दोन रुपये पडायचे. त्या दिवशी मोठ्यांचे पन्नास झाले, मुलांचे पंचवीस. आईबाप आणि दोन मुलं अशा चौकोनी कुटुंबाला मिळून शंभर. मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपुढे शंभर रुपये काहीच नाहीत, हे मलाही कळतं. प्राण्यांची नवी घरं मोठी आणि स्वच्छ झाली, जुने गजांचे पिंजरे गेले, त्याला पैसा लागतो हेही मान्य. पण पाच रुपयांत माणूस सहज म्हणून आत शिरत होता. हॉस्पिटलात नातेवाईक असलेला, गाडीला तीन तास अवकाश असलेला, खोलीत जीव गुदमरलेला. प्राणी पाहायचे नसलेल्या माणसालाही प्राण्यांचं तिकीट काढून झाडाखाली बसावं लागावं, हे काही मला पटत नाही. दरवर्षी थंडीत बागेत झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा पाहावं: कुंड्या, भाजीपाला, फुलांची चित्रं पाहायला सगळी मध्य मुंबई लोटते. नुसती झाडं पाहायलाही माणसं येतात, याचा पुरावा दरवर्षी मिळतो.

बागेला लागूनच मफतलाल मिल होती. तिच्या जमिनीतला काही भाग वाटणीत महापालिकेकडे आला आणि बागेच्या विस्तारासाठी ठरवला गेला. निसटलेल्या तिसऱ्या हिश्शातला हा एक तुकडा. तिथे नवे प्राणी आणायचे बेत वेळोवेळी छापून येतात. माझ्यासारख्याला वाटतं, तिथे नुसती झाडं लावावीत: बहावे लावावेत, म्हणजे भायखळ्याचं नावही सार्थ होईल. आणि बाक ठेवावेत, पुष्कळ बाक.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी तिकिटाच्या रांगेत उभा होतो. पुढे-मागे मराठी कमीच ऐकू येत होतं. भोजपुरी होती, बंगाली होती, एक नेपाळी जोडपं होतं. पुढच्या माणसाबरोबर बायको, तीन मुलं आणि गावाहून आलेला धाकटा भाऊ. त्या भावाच्या अंगावर प्रवासाचाच नवा शर्ट, घड्या न मोडलेला. खिडकीतून कुटुंबाचं तिकीट म्हणजे दोघं आणि दोन मुलं, असं सांगण्यात आलं. माणसाने बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला. मग म्हणाला, ‘भाई का अलग दे दो, छोटी तो गोदी में है।’ खिडकीतल्याने वाकून छोटीकडे पाहिलं. ती चांगली चार वर्षांची असेल. त्याने काही न बोलता तिकिटं फाडली, आणि धाकटा भाऊ तिला खांद्यावर घेऊन कमानीतून आत गेलाही.